धुण्याआधी लिहून ठेवा

पावसाळा लागला की दगडखाणींत पाणी साचते, सुरुंग थांबतात आणि उन्हाळाभर जमवलेला माल आपल्या गच्चीवर, पडवीत, गोदामात येऊन पडलेला असतो. संग्राहक असो वा व्यापारी, हे दिवस धुण्याचे. सुरुंगातून आणि क्रशरच्या तोंडातून सुखरूप सुटलेला स्फटिक शेवटी बादलीत मरतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून या अंकात थेट ॲसिडबद्दलच लिहितो.

आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग असा. स्टिलबाइटचा किंवा अपोफिलाइटचा देखणा गुच्छ हाती येतो, पण त्यावर कॅल्साइटचा पांढरा थर बसलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानात फरशी साफ करायचे ॲसिड स्वस्तात मिळते. त्यात कॅल्साइट फसफसून निघून जातो, हे खरे. पण ते ॲसिड कॅल्साइटपाशी थांबत नाही. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट या झिओलाइटांच्या जाळीतले कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम ते ओढून काढते व मागे नुसता सिलिकाचा सांगाडा उरतो. स्टिलबाइटची मोतिया चमक गेली की ती कशानेही परत येत नाही. अपोफिलाइटही असाच निस्तेज होतो. वरून तेल चोळून काही दिवस चमक दाखवता येते. तो नमुना विकणाऱ्याने तेलाबद्दल मौन पाळले, तर ती फसवणूक आहे.

ॲमेथिस्ट, गारगोटी, कॅल्सेडोनी यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावरचा कॅल्साइट सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने खुशाल काढावा. पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. दगड आधी साध्या पाण्यात मुरवला तर त्याच्या भेगा पाण्याने भरतात आणि ॲसिड खोल शिरत नाही. नंतर रोज पाणी बदलत बरेच दिवस भिजत ठेवावा. मात्र कॅल्सेडोनीच्या एखाद्या कोपऱ्यात ह्यूलँडाइटचे बारीक स्फटिक नाहीत ना, हे आधी भिंगातून पाहावे. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत खनिजे एकेकटी क्वचितच सापडतात.

तांबूस डागांसाठी बहुतेक जण ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात. गारगोटीवर ते उत्तम. पण ते कॅल्शियमला भेटले की कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही आणि त्याचा पांढुरका थर मूळ डागापेक्षा चिवट असतो. कॅल्शियम तर कॅल्साइटमध्ये आहे, अपोफिलाइटमध्ये आहे आणि आपल्या बहुतेक झिओलाइटांतही आहे. कॅनडातील संग्रहालयात काम करणारे रॉबर्ट वॉलर यांनी १९८० मध्ये यावरचा उपाय प्रसिद्ध केला. सोडियम सायट्रेट, खायचा सोडा आणि सोडियम डायथायोनाइट यांचे द्रावण. यातले शेवटचे रसायन आपल्याला परके नाही. गुऱ्हाळात गुळाचा रंग उजळवायला वापरतात ती हायड्रोस पावडर हीच. हायड्रोस गंजातल्या लोहाचे रूप बदलून ते विरघळण्याजोगे करते, सायट्रेट ते लोह पाण्यात धरून ठेवते आणि सोडा द्रावणाला आम्ल होऊ देत नाही. म्हणून झिओलाइटला धोका पुष्कळ कमी. कॅल्साइट मात्र त्यातही फार वेळ ठेवू नये, सायट्रेट त्याची झळाळी हळूहळू खाते. द्रावण ताजे करावे, भांडे झाकावे, खोली हवेशीर ठेवावी. ओल लागलेली हायड्रोस आपोआप तापते, पेटूही शकते. दमट हवेत तिचा डबा उघडा ठेवणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी.

साधे पाणीही निरुपद्रवी नाही. बोअरच्या जड पाण्याने धुऊन वाळवलेल्या नमुन्यावर क्षारांचा नवा थर बसतो. शेवटचे पाणी डिस्टिल्ड असावे, बॅटरीत घालतात ते चालते. पोकळीच्या आतल्या अंगाला चिकणमातीचा हिरवट थर असेल तर रात्रभर भिजवू नका, ती माती फुगते आणि तिच्यावर बसलेले स्फटिक सुटून येतात. कापसाच्या बोंडासारखा दिसणारा ओकेनाइट एकदा भिजला की त्याचे तंतू चिकटून बसतात, त्याला फक्त फुग्याची हवा. अपोफिलाइट एका दिशेने सहज चिरतो, त्यामुळे अल्ट्रासॉनिक टाकीत तो घालू नये आणि गरम पाण्यातून थंड पाण्यात तर मुळीच नेऊ नये.

आता मुख्य मुद्दा. आपण ज्याला ‘घाण’ म्हणतो ती पुष्कळदा घाण नसतेच. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोकळ्या मात्र एका दमात भरल्या नाहीत. काही अपोफिलाइटांचे वय लाव्हापेक्षा कोट्यवधी वर्षांनी कमी निघाले आहे. कोणते खनिज आधी बसले आणि कोणते नंतर, हे ठरवायला अभ्यासकाकडे पहिला पुरावा एकच: कोण कोणाच्या अंगावर बसले आहे. अपोफिलाइटवरचा कॅल्साइट म्हणजे त्या पोकळीतून नंतर वाहिलेल्या पाण्याची खूण. खाणीची भिंत पुढच्या सुरुंगात जाते, विहीर बांधून झाली की तिच्यातली पोकळी पुन्हा कोणाला दिसत नाही. उरतो तो फक्त आपल्या हातातला तुकडा. तो धुऊ नये असे मी म्हणत नाही. लपलेला कॅव्हनसाइटचा निळा गोळा पाहायचा तर वरची माती काढावीच लागते. पण त्याच पोकळीतला एक तुकडा, मग तो कितीही कुरूप असो, न धुता ठेवा. धुण्यापूर्वी फोटो काढा. काय काढले, कशाने काढले आणि किती वेळ ठेवले, हे चिठ्ठीवर गाव व खाण यांच्याच खाली लिहा, आणि विकताना ती चिठ्ठी नमुन्याबरोबर द्या.

या मासिकापुरता निर्णय आम्ही घेतला आहे. पुढील अंकापासून छायाचित्रांच्या पानांवर आणि विक्रीच्या जाहिरातींत प्रत्येक नमुन्याखाली त्याच्या सफाईची नोंद छापली जाईल. नोंद नसलेला नमुना, तो कितीही सुंदर असला तरी, छापला जाणार नाही. ॲसिड लावले असेल तर ॲसिडचे नाव लिहावे, तेल लावले असेल तर तेही. काहीच लावले नसेल तर ‘पाणी व मऊ ब्रश’ एवढे पुरे.