आधी मस्तक, मागून डोहाळे

गर्भात प्रथम काय प्रकटते, यावर सुश्रुतसंहितेत मतभेद नमूद आहेत. शौनक म्हणतात, मस्तक. धन्वंतरींचा निर्णय, सर्व अंगे एकदमच. आजचे गर्भशास्त्र शौनकांकडे झुकते. तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवरील पेशींच्या पट्ट्याच्या कडा उचलून एकमेकींस मिळू लागतात व नळी बनते. तिचे वरचे टोक मेंदू होते, उरलेला भाग मज्जारज्जू. नळीच्या दोन्ही अंगांनी झिरपणाऱ्या द्रव्यांच्या मात्रेवरून पेशींस आपापले काम कळते: पोटाकडील पेशी स्नायू हालवितात, पाठीकडील स्पर्श व वेदना पुढे पोचवितात.

गर्भधारणेपासून २८ व्या दिवसाच्या सुमारास ही नळी मिटते. तेव्हा घरी वार्ताही पुरती पोचलेली नसते. ती उघडी राहिल्यास मुलाच्या मेंदूत वा कण्यात व्यंग येते. फोलिक आम्लाने हा धोका पुष्कळ टळतो, हे १९९१ साली सिद्ध झाले. या द्रव्याचा माग मात्र मुंबईत लागला: गरीब गर्भिणींच्या पांडुरोगावर यीस्टचा अर्क गुणकारी असल्याचे लूसी विल्स यांनी १९३१ साली दाखविले.

सातारा-सांगलीकडील आमच्या वाचककुटुंबांस सांगणे इतकेच, की डोहाळजेवणाचा मुहूर्त सातव्या महिन्यात असला, तरी काळजीचा मुहूर्त फार आधीचा आहे. अपत्याचा विचार ठरताच, निदान महिनाभर आधीपासून, सूनबाईंनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे. आणि सासूबाईंनी त्याची आठवण ठेवावी.