‘बरा होता’ हा अभिप्राय नव्हे

रविवारी दुपारी घरोघर एखादा चित्रपट लावला जातो. तो थोडा जेवताना पाहिला जातो, थोडा डुलकी घेत. मध्ये दोनदा फोन वाजतो, शेजारीण डोकावून जाते, कोणी उठून चहाचे आधण ठेवते. संपल्यावर ‘कसा होता?’ असे विचारले, तर उत्तर येते, ‘बरा होता.’ ते कार्टून असेल तर तेवढीही दाद मिळत नाही. ‘मुलांचे काहीतरी चालले होते’ एवढ्यावर विषय संपतो.

या दोन शब्दांच्या निकालाविरुद्ध आम्हांला आज तक्रार मांडावयाची आहे.

‘फादर, आठवडाभर लोकलमध्ये चेंगरून आलेल्या माणसाने घटकाभर विरंगुळाही करू नये काय?’ असे कोणी विचारील. अवश्य करावा. विरंगुळ्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती विरंगुळ्याला मत समजण्याला. अर्धवट पाहिलेल्या कृतीला चांगले किंवा वाईट ठरवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? शेजाऱ्याचे अर्धे बोलणे ऐकून त्याच्याविषयी गावभर बोलणाऱ्यास आपण चहाडखोर म्हणतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हाच दोष आपण रसिकता म्हणून मिरवतो.

पाहणे कशाला म्हणतात, याचा धडा या महाराष्ट्राच्या मातीतच आहे. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट पाहिला. तो संपताच ‘बरा होता’ म्हणून ते घरी गेले नाहीत. त्यांनी पुन्हा तिकीट काढून तोच चित्रपट पाहिला आणि पत्नी सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखवला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असता त्यांच्या मनात राम आणि कृष्ण आकार घेऊ लागले होते. त्या पाहण्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रेक्षकांपुढे आला. याच फाळक्यांनी पुढे १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा काड्यापेटीतील काड्यांना नाचवणारा लघुपट केला. ज्यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो, त्यांना अ‍ॅनिमेशन हलके वाटले नाही. ते आपणांस का वाटावे?

खरे पाहता बेसावध नजरेचा सर्वांत मोठा अन्याय अ‍ॅनिमेशनवरच होतो. साध्या चित्रपटात झाडाचे पान वाऱ्यानेही हलते, कॅमेरा ते टिपून घेतो. हाताने रेखाटलेल्या चित्रपटात एकही पान आपोआप हलत नाही. पडद्यावरून सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी टिकवण्याची रूढ पद्धत धरली, तरी एका हलत्या पात्रासाठी सेकंदाला १२, म्हणजे मिनिटाला ७२० चित्रे लागतात. आता संगणक मदतीला आला आहे, परंतु पान हलावे की स्थिर राहावे हे अजूनही माणूसच ठरवतो. जे दिसते ते सारे कोणीतरी हेतुपूर्वक तेथे ठेवलेले असते. आपण मात्र नेमके तेथेच मान वळवतो.

एक उदाहरण घेऊ. जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा चित्रपट १९८८ मधील. १९४५ च्या बॉम्बवर्षावात कोबे शहरातील सेइता हा मुलगा आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको आईला मुकतात आणि एका नातेवाईक बाईच्या घरी आश्रयाला येतात. लहानपणी स्वतः ताकाहातांनी ओकायामा शहरावरील हवाई हल्ला अनुभवला होता. या चित्रपटात एक साधा प्रसंग आहे. जेवण वाढताना ती बाई पातेल्याच्या तळातील दाट पळी घरच्यांना वाढते आणि या पोरक्या भावंडांच्या वाट्याला पाणचट पेज येते. ती मारीत नाही, हाकलून देत नाही. फक्त पळी थोडी वर धरते. युद्ध किती खोलवर माणसाच्या स्वयंपाकघरात शिरते, हे तेथे एका शब्दाविना कळते.

त्याच क्षणी आपण फोनमध्ये डोके घातले असेल, तर ती पळी निसटली. उरते ते ‘फार रडका आहे’ हे मत. आणि आम्ही विचारतो, अशी पळी आपल्या घरांत चालत नाही काय? पोरक्या पुतण्याच्या ताटात, वृद्ध आत्याच्या ताटात, कामवाल्या मुलीच्या ताटात? ज्याने ती पळी पडद्यावर नीट पाहिली, त्याचा स्वतःचा हात वाढताना एकदा तरी थबकेल. आमच्या तक्रारीचे सारे मोल या एका थबकण्यात आहे.

‘कार्टून म्हणजे मुलांचे’ या समजुतीची दुसरीही बाजू आहे. रंगीत चित्रे दिसली म्हणून हाच चित्रपट चिमुरड्यांसमोर लावून स्वयंपाकघरात निघून जाणाऱ्या आईबापांना ठाऊक असते काय, की त्यात एक बालिका उपासमारीने मरते? दुर्लक्षाने मोठ्यांचे नुकसान होते आणि लहानांचेही.

याच्या उलट टोकाला काही कडक पालक आहेत. पाच मिनिटे ‘डोरेमॉन’ पाहून ते निकाल देतात, ‘ही मालिका मुलांना आळशी बनवते.’ बाविसाव्या शतकातून आलेले ते यंत्रमांजर नोबिताला जादूची साधने देते, हे खरे. परंतु भाग शेवटपर्यंत पाहावा. बहुतेक वेळा ते साधन नोबिताच्याच अंगाशी येते आणि आळसाची किंमत त्याला मोजावी लागते. गोष्टीचा शेवट न ऐकता तिचे तात्पर्य सांगणे हा कोणता न्याय? आणि न पाहिलेल्या चित्रपटांवर वेदीवरून ताशेरे ओढणारे आमचे काही धर्मबंधूही या न्यायालयातून सुटत नाहीत.

ख्रिस्तसभेने याहून उदार दृष्टी ठेवली आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३६ च्या परिपत्रकात चित्रपटाच्या घातक शक्तीबद्दल सावध केले, तसे त्याच्या कल्याणकारी शक्तीबद्दलही लिहिले. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये व्हॅटिकनने धर्म, मूल्ये आणि कला या तीन विभागांत ४५ चित्रपटांची यादी केली, तेव्हा डिस्नेचा ‘फँटेशिया’ (१९४०) हा अ‍ॅनिमेशनपट कलेच्या विभागात समाविष्ट केला. तेथे ‘मुलांचे काहीतरी’ असे कोणी म्हटले नाही.

मोशेच्या जीवनावरील ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ (१९९८) आपल्यांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातील काय आठवते, असे विचारा. दुभंगलेला समुद्र आठवतो. मिसरच्या प्रथमपुत्रांच्या मृत्यूनंतर, आपल्या लोकांची सुटका निश्चित झाली असता, एकटाच कोसळून रडणारा मोशे किती जणांना आठवतो? शत्रूच्या घरातील मुलासाठी अश्रू ढाळणारा विजेता, हा त्या चित्रपटाचा गाभा आहे. आपण चमत्कार पाहिला आणि माणूस पाहायचा राहिला.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आठवड्यातून एकच चित्रपट किंवा मालिकेचा एकच भाग पाहा, पण पूर्ण पाहा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. लहानांसाठी निवडलेले आधी मोठ्यांनी पाहून घ्या. संपल्यावर घरातील सर्वांत धाकट्याला प्रथम बोलू द्या आणि त्याला ‘आवडला का?’ असे विचारू नका. ‘तू काय पाहिलेस?’ असे विचारा. मग स्वतः सांगा. कोणाला चित्रपट आवडला नाही, तर खुशाल नावडू द्या, परंतु कोणत्या दृश्यामुळे ते त्याला सांगता आले पाहिजे.

चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात वाटेवरचा जखमी माणूस याजकाला दिसला, लेवीला दिसला आणि शोमरोन्यालाही दिसला. डोळे तिघांनाही होते. पहिल्या दोघांना घरी कोणी ‘वाटेत काय पाहिले?’ असे विचारले असते, तर ‘विशेष काही नाही’ असेच उत्तर मिळाले असते. आपल्या दिवाणखान्यांतून हेच उत्तर रोज दिले जाते आणि कोपऱ्यात बसलेली मुले ते ऐकत असतात.