नाक्यावर थांबलेल्याला विचारा

परवा भिवंडीहून कामणमार्गे घरी येत होतो. चिंचोटी नाक्याच्या अलीकडे रांग लागली ती लागलीच. समोर मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ट्रक झोकात गुजरातकडे पळताना दिसत होते आणि आमची गाडी जागची हलेना. मनात आलं, आत्ता कुणी फक्त महामार्गावर उभं राहून वेग मोजला तर काय लिहील? 'वाहतूक सुरळीत.' आणि ते खोटंही नसेल!

हसू नका, पण मला त्या रांगेत एनएफएस आठवलं. नेटवर्क फाइल सिस्टिम. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये बनवलेली ही सोय. फाइल असते दुसऱ्या मशिनवर, पण वापरणाऱ्याला ती आपल्याच डिस्कवर आहे असं वाटतं. पडदा इतका चांगला की खुद्द प्रोग्रॅमलाही पत्ता नसतो. फाइल मागितली, आली नाही, तर तो मुकाट वाट पाहत बसतो. सीपीयू रिकामा, एरर नाही, काही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला एवढंच दिसतं, की खुर्चीत बसलेला माणूस काम करत नाहीये.

असाच एक प्रसंग मी स्वतः ओढवून घेतला होता. २०१० ची गोष्ट. वसईच्या बाजूच्या एका छोट्या कारखान्याचं कॉम्प्युटरचं काम मी बघायचो. लिनक्सची सात-आठ मशिन्स, एक सर्व्हर, सगळी ड्रॉइंग्ज त्यावर. ऑर्डरची कागदं स्कॅन करणारी एक मुलगी दर आठवड्याला सांगायची, "दादा, सकाळी माझंच मशिन झोपतं हो." मी सर्व्हरचे आलेख उघडायचो. सीपीयू थंड, डिस्क निवांत, नेटवर्क जेमतेम दहा टक्के. "सर्व्हर एकदम ओके आहे," असं मी शेठनाही सांगितलं. पगारवाढीच्या वेळी तिच्या नावापुढे शेरा पडला, 'कामाला संथ'.

शेवटी एका सकाळी तिच्याच मशिनवर बसून एनएफएसआयओस्टॅट चालवलं. पहिल्या आकड्यांत काही वावगं दिसेना. दिसणार कसं? तो पहिला अहवाल फाइल सिस्टिम जोडल्यापासूनची सरासरी असतो! चोवीस तासांच्या सरासरीत सकाळचा पाऊण तास कुठे बुडाला, कळतही नाही. मग दर पाच सेकंदांनी आकडे मागवले, आणि दोन रकाने डोळ्यांत भरले. आरटीटी, म्हणजे विनंती तारेवर गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ : साधारण ४० मिलिसेकंद. ईएक्सई, म्हणजे विनंती तयार झाल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा सगळा वेळ : हजाराच्या वर. या दोघांमधला फरक म्हणजे आमचा चिंचोटी नाका. रस्त्याला लागल्यावर फार वेळ जात नव्हता, जात होता तो रस्त्याला लागण्यात.

तेव्हाच्या लिनक्समध्ये एका मशिनवरून एका सर्व्हरकडे टीसीपीवर एका वेळी १६च विनंत्या जायच्या, बाकीच्या रांगेत. ती रांग कशाने भरली होती? स्कॅनची फोल्डर सर्व्हरवर चढवणाऱ्या एका स्क्रिप्टने. रोज सकाळी दहाला सुरू होणारी. नवीन फाइल कोणती हे न बघता अख्खी फोल्डर पुन्हा कॉपी करणारी. सुरुवातीला दोन मिनिटांत संपायची, वर्षभरात फोल्डर पंचवीस जीबीची झाली. तिच्या मशिनची वायर १०० मेगाबिटची, सर्व्हरची गिगाबिटची. त्यामुळे तिची वायर तुडुंब भरली तरी सर्व्हरच्या आलेखात ते दहा टक्केच दिसत होतं.

आणि ती स्क्रिप्ट लिहिली होती मीच!

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. फक्त नवीन फाइली, त्याही रात्री. मग शेठकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. "ठीक आहे, आता चालतंय ना?" एवढंच ते म्हणाले. तो शेरा खोडला गेला की नाही, मला कधी कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

त्यानंतर माझं मत पक्कं झालंय. फक्त सर्व्हरवर बसून केलेली देखरेख ही सर्व्हरची काळजी असते, वापरणाऱ्याची नव्हे. मोजायचं तर वाट पाहणाऱ्याच्या खुर्चीत बसून मोजा, आणि तक्रार ज्या वेळेची आहे त्याच वेळी मोजा. सरासरी बिलकुल घेऊ नका असं नाही, पण सगळ्यात वाईट पाच मिनिटं कोणती ते आधी बघा. आरटीटी मोठा असेल तर नेटवर्क नाहीतर सर्व्हर तपासा. आरटीटी छोटा आणि ईएक्सई मोठा असेल तर दोष आपल्याच दारात आहे. नव्या लिनक्समध्ये ती १६ची मर्यादा गेली, तरी हे दोन रकाने शेजारी शेजारी वाचायची सवय अजून उपयोगी पडते.

आणि कुणी "माझंच मशिन झोपतं" म्हणालं, तर आलेख उघडण्याआधी उठून त्याच्या टेबलापाशी जा. मला तिथे जायला चार महिने लागले, अंतर होतं पंधरा पावलं.

असो. रांग हलली एकदाची. घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले.