समुद्राचे कुलूप

तुर्कस्तानात दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या सर्वांत अरुंद भागात, चनाक्कले शहरासमोर, किलिदबहर किल्ला उभा आहे. सुलतान मुहम्मद फातेह यांनी तो पंधराव्या शतकात बांधला. नावाचा अर्थ समुद्राचे कुलूप. आपल्या उर्दूत ‘कलीद’ म्हणजे किल्ली. तुर्कीत त्याच शब्दाचे कुलूप झाले!

1915 मध्ये इंग्रज-फ्रेंच आरमार इस्तंबूलकडे निघाले, तेव्हा खरे कुलूप पाण्याखाली होते. तळाशी नांगरलेले, पाण्यात अधांतरी तरंगणारे सुरुंग. जहाज आदळले की स्फोट. ते काढायला इंग्रजांनी मासेमारीच्या बोटी आणल्या, वर खलाशी म्हणून बरेचसे साधे कोळीच. किनाऱ्यावरच्या तोफांनी त्यांना काम करू दिले नाही. आणि सुरुंग निघेनात म्हणून मोठ्या युद्धनौकांना तोफांच्या जवळ जाता येईना. तोफा सुरुंगांना राखत होत्या, सुरुंग तोफांना.

सुरुंगांच्या रांगा सामुद्रधुनीत आडव्या होत्या. पण मारा करून परतताना शत्रूची जहाजे एरेनकोय उपसागरात वळतात, हे तुर्कांनी हेरले. 8 मार्चच्या पहाटे ‘नुसरत’ या छोट्या जहाजाने तिथे किनाऱ्याला समांतर 26 सुरुंग पेरले. 18 मार्चला फ्रेंच ‘बुव्हे’ तिथेच वळली आणि काही मिनिटांत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. ‘इरेझिस्टिबल’ आणि ‘ओशन’ या इंग्रजी युद्धनौकाही गेल्या. आरमार मागे फिरले.

मग एप्रिलमध्ये गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या. इंग्रजांच्या बाजूने हिंदुस्थानी सैनिकही होते. खेचरांवरून रसद वाहणाऱ्यांत पंजाबी मुसलमान होते, आणि समोर खलिफाची फौज.