मूळ कुणीही पाहिलेले नाही : ‘लानतिंग श्यू’ आणि शुद्धतेचा सोस

तैवानी गायक जे चौ याचे ‘लानतिंग श्यू’ हे गाणे २००८ साली आले. शब्द फांग वेनशान यांचे, चाल चौची. लोकप्रिय संगीताने अभिजात वारशाला हात लावला की जो आरोप ठरलेला असतो, तो याही गाण्याच्या वाट्याला येतो. चौथ्या शतकातील सुलेखनाच्या सर्वोच्च कृतीचे नाव उचलायचे, त्यात विरहाचे उसासे भरायचे आणि ते बाजारात मांडायचे, ही मूळ कृतीची विटंबना होय, असे शुद्धतावादी सांगतात. या गाण्यात पाच हजार वर्षांच्या अखंड परंपरेचा पुरावा शोधणारे दुसऱ्या टोकाला उभे असतात. दोन्ही पक्षांचे भांडण जोरात चालते; पण ज्या ‘मुळा’च्या नावाने ते चालते, ते मूळ गेल्या तेराशे वर्षांत कुणीही पाहिलेले नाही.

इ.स. ३५३. चांद्र पंचांगातील तिसऱ्या महिन्याची तिसरी तिथी. आजच्या झेजियांग प्रांतातील शाओशिंगजवळ, लानतिंग येथे वांग शीझी याने चाळीसेक स्नेह्यांना वसंतातील शुद्धीविधीसाठी बोलावले होते. वळणावळणाच्या ओढ्यात मद्याचे प्याले सोडले जात. प्याला ज्याच्यासमोर थांबेल त्याने कविता रचायची, न सुचल्यास दंड म्हणून मद्य प्यायचे. त्या दिवशीच्या कवितांच्या संग्रहाला वांगने जी प्रस्तावना लिहिली, ती म्हणजे हे ‘श्यू’. २८ ओळी, ३२४ अक्षरे. त्यात वीसेक वेळा येणारे ‘झी’ हे अक्षर दर खेपेला निराळ्या वळणाने उतरले आहे, हे चिनी सुलेखनाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यात सांगितले जाते. मजकुराचा पूर्वार्ध प्रसन्न आहे. उत्तरार्धात मात्र तो एकाएकी मृत्यूकडे वळतो: हा आनंद सरणार, ही माणसे जाणार, आणि पुढे कुणीतरी हे वाचून असाच हळहळणार.

या हस्तलिखिताचे पुढे काय झाले, ते शुद्धतावाद्यांनी जरा शांतपणे वाचावे. तांग सम्राट ताइझोंग वांगच्या अक्षरांवर अक्षरशः लुब्ध होता. हस्तलिखित बियानत्साई नावाच्या वृद्ध भिक्षूपाशी होते आणि आपल्याकडे काहीच नाही, असे तो पुनःपुन्हा सांगत होता. तांगकालीन कथेनुसार सम्राटाने श्याओ यी नावाच्या अधिकाऱ्याला वेषांतर करून मठात धाडले. त्याने भिक्षूशी मैत्री जोडली, त्याचा विश्वास मिळवला आणि संधी साधून हस्तलिखित पळवले. सम्राटाने दरबारातील निष्णात हातांकडून त्याच्या नकला करवून घेतल्या. इ.स. ६४९ मध्ये तो निवर्तला आणि परंपरा सांगते की, त्याच्या इच्छेनुसार मूळ कागद झाओलिंग येथील समाधीत त्याच्यासोबत पुरला गेला. दहाव्या शतकात त्या समाधीची लूट झाली. हस्तलिखित पुन्हा दिसले नाही. एका गायकाने नाव वापरले तर तो विटंबनेचा धनी, आणि फसवणुकीने मिळवलेली वस्तू थडग्यात नेणारा राजा मात्र रसिकाग्रणी! हा न्याय अजब आहे.

आज जे ‘लानतिंग श्यू’ पाहिले जाते, त्या सर्व प्रती आहेत. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातील शेनलोंग प्रत फेंग चेंगसू याच्या नावावर आहे. मुळावर पातळ कागद ठेवून प्रत्येक फटकाऱ्याची बारीक बाह्यरेषा काढायची आणि मग आत शाई भरायची, ही त्या काळची गिरवण्याची रीत. डिंगवू परंपरेतील ठसे दगडावर कोरलेल्या अक्षरांवरून घेतलेले; त्यांतला एक नामांकित ठसा तैपेईत आहे. पाहून लिहिणे, गिरवणे आणि दगडावरून ठसा घेणे या तीन वेगळ्या कला होत.

गाण्याकडे यायचे ते एवढे जाणून. त्यातला निवेदक लानतिंगचा नमुना समोर ठेवून अक्षरे घोटतो आहे आणि कुणाच्या तरी परतण्याची वाट पाहतो आहे. (सोबतीला पिवळे मद्य आहे, शाओशिंगची ख्याती त्याच मद्यासाठी, हे गीतकार विसरलेला नाही.) जुन्या शिळेचा ठसा सहज घेता येतो, प्रिय व्यक्तीच्या सौंदर्याचा येत नाही, असे तो म्हणतो आणि त्याच दमात अस्सल हस्तलिखित नाहीसे झाल्याचे सांगतो. म्हणजे मूळ हरवले आहे, ही गोष्ट गीतकाराला पक्की ठाऊक आहे आणि गाण्याचा सारा विरह त्याने तिच्यावरच तोलला आहे. ज्यांना यात निव्वळ प्रेमगीत दिसते, त्यांनी चिनी काव्याची जुनी सवयही आठवावी: च्यू युआनपासून कितीतरी कवींनी राजाने दूर लोटल्याचे दुःख विरही प्रियकराच्या किंवा प्रेयसीच्या तोंडून वदवले आहे. तिथे प्रेम हा हलका विषय कधीच नव्हता.

‘अखंड परंपरे’च्या चाहत्यांनी १९६५ साल पाहावे. नानजिंगजवळ सापडलेल्या त्याच काळातील समाधिलेखांची अक्षरे कितीतरी ताठर आणि जुन्या वळणाची निघाली. त्यांच्या आधारे विद्वान ग्वो मोरुओ यांनी प्रतिपादले की लानतिंगची ही मृदू, वाहती अक्षरे वांगच्या हातची नाहीत, आणि मजकूरही जसाच्या तसा त्याचा नाही. गाओ अर्शी यांनी त्याचे खंडन केले: दगडावरचे औपचारिक लेखन आणि कागदावरचे मोकळे लेखन एका मापाने कसे मोजणार? आक्षेप बिनतोड आहे; तरीही वाद मिटलेला नाही. परंपरेच्या शिखरावर असलेल्या कृतीचा कर्ताच जिथे वादात आहे, तिथे अखंडतेचे ढोल जरा हळूच वाजवावेत.

गाण्यावर दोष ठेवायचाच असेल तर तो निराळा आहे. सगळे गाणे फार गुळगुळीत आहे. धावत्या लिपीला ढगांची आणि वाहत्या पाण्याची उपमा देण्याचा घासून घासून झिजलेला प्रघात त्यातही आहे आणि चालही तशीच अडखळल्यावाचून घरंगळत जाते. शेनलोंग प्रत मात्र अशी नाही. ती एका कच्च्या खर्ड्याची नक्कल आहे. चौथ्या ओळीच्या आरंभी ‘उंच डोंगर’ ही राहून गेलेली दोन अक्षरे बाजूला बारीक करून घुसवली आहेत; काही ठिकाणी आधीच्या अक्षरावर दुसरे अक्षर चढवले आहे आणि खालची शाई दिसते आहे. वांगने शुद्धीवर आल्यावर तोच मजकूर पुन्हा लिहून पाहिला, पण पहिल्यासारखा साधला नाही, अशी कथा आहे. नकलाकारांनी मात्र ती खाडाखोडसुद्धा प्रामाणिकपणे उतरवून ठेवली.