नकाशा मंजूर होण्याआधी तो आम्हाला वाचता आला पाहिजे
पुनर्वसन वसाहतींतील रहिवासी, शिक्षक व युवक यांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, नगर विकास विभाग
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण विभाग
मा. कला संचालक, महाराष्ट्र राज्य

विषय : वस्तीच्या आराखड्यात रहिवाशांना, विशेषतः १२ ते २१ वयाच्या मुलामुलींना हक्काचे स्थान आणि त्यासाठी लागणारे आरेखनाचे शिक्षण मिळण्याबाबत.

महोदय,

मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या पुनर्वसन वसाहतींत राहणाऱ्या, तिथल्या शाळांत शिकवणाऱ्या आणि तिथेच लहानाचे मोठे झालेल्या माणसांची ही संघटना आहे. आमच्यापैकी बहुतेकांची घरे कधीकाळी रुळांच्या कडेला किंवा रस्तारुंदीच्या रेषेत होती. रेल्वे आणि रस्ते प्रकल्पांसाठी ती उठली आणि २२५ चौरस फुटांची खोली पदरात पडली. पक्के छप्पर मिळाले, घर नावावर झाले, याबद्दल तक्रार नाही. तोडकामाच्या नोटिशीची धास्ती उशाशी घेऊन झोपणे म्हणजे काय, ते आम्ही भोगले आहे. तक्रार वेगळी आहे. जिना कुठे, मैदान कुठे, दोन इमारतींत अंतर किती, बायकांनी बसायचे कुठे, यातले काहीही ठरवताना आम्हाला कोणी विचारले नाही. आणि विचारले असते तरी समोर ठेवलेला नकाशा आमच्यातल्या किती जणांना वाचता आला असता, हाही प्रश्नच आहे. या मागणीपत्रात या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या आहेत, कारण एकीवाचून दुसरीला अर्थ नाही.

न विचारण्याची किंमत काय पडते, हे सांगायला आमच्या तोंडी साक्षीची गरज नाही. गोवंडी-मानखुर्दमधल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींचा डॉक्टर आणि संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. जवळच्याच, तुलनेने मोकळ्या वसाहतीशी त्यांची तुलना केली, तेव्हा क्षयाचा रुग्ण असलेल्या घरांचे प्रमाण या दोन ठिकाणी कितीतरी जास्त निघाले. इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भरदुपारी ट्यूब लावावी लागते, खिडकी उघडली की समोरच्याची खिडकी आणि मधल्या बोळात वरून टाकलेला कचरा. म्हणून खिडकी बंदच. आजार जंतूमुळे होतो हे खरे, पण त्याला मुक्काम करायला जागा नकाशाने दिली. विकास नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनासाठी हेक्टरी किमान ६५० घरांची अट आहे. किती माणसे बसवायची याची चिंता त्या आकड्यात दिसते. ती बसल्यावर श्वास कसा घेणार, याची चिंता कोणी करायची?

आज धारावीपासून कामाठीपुऱ्यापर्यंत पुनर्विकासाच्या फायली हलत आहेत. आमच्या वसाहतींत जे झाले ते तिथे टाळता येईल, पण त्यासाठी वेळ आत्ता आहे. कॉलम उभे राहिल्यावर हरकती आणि सूचना मागवण्यात काही राम नाही.

कायद्यात लोकांचे म्हणणे ऐकण्याची सोय नाही, असे आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, नियोजन समिती सुनावणी घेते. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याचे पहिले प्रारूप २०१५ मध्ये लोकांनी चुका दाखवल्यामुळेच मागे घ्यावे लागले, आणि सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. म्हणजे लोकांना कळते, फक्त नकाशा त्यांच्या हाती पडला पाहिजे. मात्र त्या वेळी हरकती घेणाऱ्यांत आर्किटेक्ट, वकील आणि जागरूक नागरिकांच्या संघटना पुढे होत्या. वस्तीतला माणूस वॉर्ड ऑफिसात भिंतीवर लावलेल्या नकाशासमोर उभा राहतो, आपली गल्ली शोधतो, ती सापडत नाही, कारण तिथे एकाच रंगाचा सपाट तुकडा असतो. मग तो शिपायाला विचारतो आणि घरी जातो. त्यात मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे मुंबईत निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. गाऱ्हाणे न्यायचे कुणाकडे?

म्हणून पहिली मागणी : कोणत्याही पुनर्वसन किंवा पुनर्विकास प्रकल्पाचा लेआउट मंजुरीला जाण्यापूर्वी तो वस्तीतच, मराठीत आणि रहिवाशांच्या इतर भाषांत, प्रत्यक्ष मापात मांडून दाखवणे बंधनकारक करावे. प्रत्यक्ष मापात, हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. ३०० चौरस फुटांचे घर १:१०० या प्रमाणात कागदावर काढले, तर सव्वापाच सेंटिमीटरचा चौकोन होतो. त्यात सगळे काही मावल्यासारखे दिसते. आमच्या एका वसाहतीत आठवी-नववीच्या मुलांनी तोच नकाशा गच्चीवर खडूने पूर्ण मापात आखला. भिंती, दार, मोरी, ओटा. मग शेजारपाजारच्यांना बोलावून त्यात चटया टाकल्या, पत्र्याची ट्रंक ठेवली, शिलाई मशीन आणून ठेवले. एका आजींनी आत पाऊल टाकले आणि म्हणाल्या, दार उघडले की माझ्या डोक्याला लागणार, मी झोपते ते इथेच. दार दुसऱ्या बाजूने उघडायला हवे, एवढी साधी गोष्ट. खडूच्या रेषेवर ती पाच मिनिटांत कळली आणि पायाने पुसून दुरुस्तही झाली. सिमेंटमध्ये ती दुरुस्त करायला किती खर्च येतो, हे आम्ही सांगायला नको.

या कामात मुलामुलींनाच पुढे का करायचे, असा प्रश्न येईल. कारणे दोन. एक म्हणजे पुढची पन्नास वर्षे त्या इमारतीत तीच राहणार आहेत, पात्रता यादीत नाव आई-वडिलांचे असले तरी. दुसरे म्हणजे वस्ती सगळ्यात जास्त पायाखाली घालतात ती मुलेच. पाणी कुठे तुंबते, कुठला दिवा महिनोन्‌महिने बंद आहे, कोणत्या जिन्यात संध्याकाळनंतर पिणारे बसतात, कुठून गेले की शाळेच्या वाटेवर दोन मिनिटे वाचतात, हे त्यांना विचारा. आमच्या मुलींनी काढलेल्या नकाशात मैदान होते, पण त्यावर त्यांनी एकही पाऊलखूण काढली नव्हती. मैदान क्रिकेटवाल्यांचे. मुली पॅसेजमध्ये खेळतात, आणि पॅसेजमध्ये आवाज झाला की दारे उघडून लोक ओरडतात.

हे आमच्याकडेच आहे असेही नाही. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात सार्वजनिक बागांची पाहणी झाली, तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेतून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात, असे आढळले. पालिकेने दोन बागा नव्याने आखल्या. एका मोठ्या मैदानाऐवजी छोटे छोटे भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा ठेवली, पायवाटा सुधारल्या. मुली परत आल्या. अमेरिकी नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी १९७० च्या दशकात युनेस्कोसाठी अनेक देशांतल्या मुलांना बरोबर घेऊन त्यांच्या शहरांचा अभ्यास केला होता. तोच उपक्रम १९९० च्या दशकात पुन्हा झाला तेव्हा बंगळुरूची सत्यनगर ही वस्तीही त्यात होती. बाहेरून गरीब दिसणाऱ्या त्या वस्तीत मुलांना सोबती, ओळखीची माणसे आणि खेळायला जागा होती, म्हणून ती आपल्या वस्तीवर खूश होती. पुनर्वसनात आम्ही नेमके हेच गमावले. घर मिळाले आणि ओटला गेला.

दुसरी मागणी शिक्षणाची आहे आणि ती आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. आपल्या राज्यात चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांची मोठी परंपरा आहे. वस्तीतली मुलेही त्यांना बसतात; दहावीला वाढीव गुण मिळतात, हेही एक कारण. या परीक्षांत संकल्पचित्र असते, कर्तव्यभूमिती असते, इंटरमीजिएटला घनभूमिती असते. म्हणजे मापात रेषा काढणे, वस्तू वरून आणि समोरून कशी दिसते ते कागदावर उतरवणे, दिलेल्या जागेत रचना बसवणे हे सगळे मुलांच्या हाताला लागलेले असते. आणि हा हात वापरला जातो कशासाठी? चौकोनात फुले-पाने आणि भौमितिक आकार बसवण्यासाठी. जी मुलगी घनभूमितीत शंकूचा छेद बिनचूक काढते, तिला आपल्या इमारतीच्या जिन्याचा छेद काढायला कधी कोणी सांगितले नाही. आमच्याकडच्या एका मुलीने तो काढला तेव्हा प्रत्येक पायरीची उंची वेगळी निघाली. आजोबा रोज चौथ्या मजल्यावर का अडखळतात, ते घरच्यांना त्या दिवशी समजले.

तेव्हा इंटरमीजिएटला ‘परिसर आरेखन’ असा एक पर्यायी विषय ठेवावा : आपली गल्ली, जिना, नळ किंवा शाळेचे आवार मापून त्याचा आराखडा आणि छेद काढणे, आणि त्यात एक बदल सुचवणे. प्राथमिक शाळेत ‘परिसर अभ्यास’ शिकलेल्या मुलांना ही पुढची पायरी परकी वाटणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. त्यांतले निदान तीन दिवस वस्तीच्या मोजणीला द्यावेत. टेप, खडू, आलेखवही आणि एक जाणता माणूस, एवढेच साहित्य लागते. जाणत्या माणसाचीच मोठी अडचण आहे, हे आम्ही नाकारत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शंभरावर पटाच्या उच्च प्राथमिक शाळांना कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. त्या जागा भराव्यात आणि भरताना वस्तीतल्या शिकलेल्या ड्राफ्ट्समनला प्राधान्य द्यावे.

ड्राफ्ट्समनचा विषय निघालाच आहे तर : आयटीआयमधला आर्किटेक्चरल ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. आर्किटेक्चरच्या पदवीची पाच वर्षे आणि तिचा खर्च न झेपणाऱ्या घरांतली बरीच मुले तो करतात आणि मग कुठल्याशा ऑफिसात दुसऱ्याच्या रेषा गिरवत बसतात. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अस्तित्वात आहेच. प्रत्येक पुनर्वसन प्रकल्पाच्या सल्लागाराने त्याच वस्तीतले किमान दोन शिकाऊ उमेदवार घ्यावेत, अशी अट निविदेत घालावी. सल्लागाराला भाषा, गल्ल्या आणि माणसे यांचा उलगडा होईल, तो वेगळा फायदा.

आर्किटेक्चर महाविद्यालयांनाही एक सांगणे आहे, जरा रागाने. तुमचे विद्यार्थी दर वर्षी येतात. फोटो काढतात, आमच्या बायकांना तासभर प्रश्न विचारतात, सुंदर मॉडेल बनवतात, ते ज्युरीसमोर जाते आणि मग गोदामात. आमच्याकडे त्याची साधी झेरॉक्सही येत नाही. यापुढे वस्तीत बसून केलेला प्रत्येक अभ्यास वस्तीत परत येऊन मांडला जावा, आणि मूल्यमापनात त्याला गुण असावेत.

आणि भिंती रंगवणे म्हणजे सहभाग नव्हे. मुलांच्या हाती ब्रश देऊन गटाराशेजारच्या भिंतीवर फुलपाखरे काढून घ्यायची आणि फोटोखाली ‘लोकसहभाग’ लिहायचे, हे पुष्कळ झाले. चित्रे आम्हाला आवडतात. पण आधी गटार झाका.

यंत्रणेबद्दल थोडक्यात. पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडी, वेल्फेअर हॉल यांच्या जोडीला युवा केंद्र किंवा वाचनालय यांची तरतूद आहे. बऱ्याच ठिकाणी या खोल्या बंद असतात किंवा लग्नाला भाड्याने जातात. त्यांतली एक खोली ‘नकाशाघर’ म्हणून राखून ठेवावी. तिथे वसाहतीचा मंजूर नकाशा, पाण्याच्या आणि मलवाहिनीच्या रेषा आणि मुलांनी केलेली मोजणी कायम भिंतीवर असावी. विकास आराखड्याच्या नियोजन समितीवर राज्य शासन जे तज्ज्ञ नेमते, त्यांत निदान एक व्यक्ती वस्तीसोबत किंवा मुलांसोबत आराखड्याचे काम केलेली असावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, निवड करताना आठवण ठेवावी लागते. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना महापालिकेच्या अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. मुंबईत तिची सुरुवात वॉर्ड पातळीवर, शाळांकडून आलेल्या प्रस्तावांसाठी ठरावीक रक्कम राखून करता येईल. रक्कम लहान असली तरी चालेल. मुलांनी सुचवलेला एक दिवा आणि एक बाक त्याच वर्षी बसला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी ती येणार नाहीत.

मुलांना काय कळते, असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर सरळ आहे. बीम किती जाडीचा हे इंजिनिअरच ठरवेल, त्यात कोणी नाक खुपसणार नाही. अग्निशमनाचे नियम आहेत, ते राहतील. पण बाक कुठल्या बाजूला तोंड करून असावा आणि मुलींच्या खेळाला उजेड कुठून मिळावा, हे कोणत्याही संहितेत लिहिलेले नाही. आणि मुले वर्षभर एखाद्या गोष्टीचा अभ्यास करतील, तेव्हा ती चुकतीलही. वस्तीत चुकीच्या ठिकाणी लावलेला बाक हलवता येतो. सात मजली इमारत हलवता येत नाही.

वेळ लागेल, खर्च वाढेल, असेही सांगितले जाईल. लेआउट दाखवायला फार तर सहा आठवडे लागतील. दहा-बारा वर्षे रखडलेल्या योजनांच्या राज्यात सहा आठवड्यांचे कौतुक कशाला?

हे सगळे एकदम सगळीकडे करा, असा आग्रह नाही. येत्या शैक्षणिक वर्षात गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व विभागातल्या तीन शाळा आणि मंजुरीच्या वाटेवरचा एक प्रकल्प घ्यावा. मोजणी, प्रत्यक्ष मापातला नकाशा आणि मुलांच्या सूचना ही तिन्ही कामे त्यावर करून पाहावीत, आणि काय स्वीकारले, काय नाकारले, का नाकारले, याचे लेखी उत्तर शाळेच्या सूचनाफलकावर लावावे. नकार चालेल, त्याचे कारण हवे.

या मागण्यांवर तीनही विभागांची एकत्र बैठक महिन्याभरात लावावी, ही विनंती. बैठकीची वेळ शाळा सुटल्यानंतरची ठेवावी. आमच्या शिष्टमंडळात नववी-दहावीच्या मुली असतील आणि नकाशे त्याच समजावून सांगणार आहेत.

आपले,
संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने