विश्लेषण : पुढचे चाक हवेत गेल्यावर काय होते? व्हीली शिकण्यामागचे विज्ञान, कायदा आणि विमा

आषाढीला पंढरपूरला जाऊ न शकणारे भाविक बीड जिल्ह्यातील ज्या नारायणगडावर ‘धाकटी पंढरी’ म्हणून दर्शनाला येतात, तो गड 12 ऑक्टोबर 2024 च्या दसरा मेळाव्यामुळे राज्यभर पोहोचला. या भागात माणसे पोहोचतात ती मुख्यतः दुचाकीवर. बीड शहरात रेल्वे आली तीच 17 सप्टेंबर 2025 रोजी. घरोघरी गाडी, यात्रा-मेळावा नसेल तेव्हा मोकळा रस्ता आणि मोबाइलवर रील्स. व्हीली शिकायला एवढे पुरेसे आहे, असे वाटणारी मुले केवळ मराठवाड्यात नाहीत, सगळीकडे आहेत. मात्र गाडी उचलण्याच्या या खेळात हाडे मोडतात, त्यापेक्षा मोठा हिशेब नंतर घरच्यांसमोर येतो.

चाक उठते कशामुळे?

वेग वाढवताना गाडीचा भार मागच्या चाकाकडे सरकतो. तो इतका सरकला की पुढच्या चाकावर काहीच उरले नाही, तर ते उठते. चालकासह गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण 70 सेंटीमीटर उंच आणि मागच्या चाकाच्या 55 सेंटीमीटर पुढे आहे असे धरू. मग चाक उठायला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 80 टक्के इतके त्वरण लागते. गावोगाव दिसणारी 100 सीसीची गाडी जेमतेम 8 न्यूटन-मीटर टॉर्क देते. पहिल्या गिअरमध्येही ती ढोबळमानाने यातले 50-55 टक्केच गाठते. म्हणजे केवळ अॅक्सिलरेटर पिळून तिचे चाक उठत नाही.

म्हणून शिकणारा क्लच दाबून इंजिन फिरवतो आणि क्लच एकदम सोडतो. फिरत्या क्रँकमध्ये साठलेली ऊर्जा क्षणात मागच्या चाकावर येते. सोबत हँडल ओढायचे आणि अंग मागे टाकायचे. ट्रिपल सीट गाडी चढावर पुढून हलकी होते, त्यामागचे कारणही हेच. मागचा माणूस जवळपास चाकाच्या वर किंवा मागे बसलेला असतो. तिथे चाक उचलायची कुणाची इच्छा नसते, पण हँडल तितकेच निकामी होते.

शिकणाऱ्याचा घात कुठे होतो?

चाक उचलणे तुलनेने सोपे, ते वर ठेवणे आणि खाली आणणे अवघड. एका ठरावीक कोनाला गाडी तोलावर येते. त्याच्या अलीकडे ती पुढे पडू पाहते, पलीकडे मागे. पलीकडे गेलेली गाडी पुन्हा पुढे आणणारी एकच गोष्ट असते, मागचा ब्रेक. त्यामुळे सराईत स्टंट रायडरचा उजवा पाय कायम त्या पेडलवर असतो, काही जण त्यासाठी हाताचा वेगळा लिव्हर बसवून घेतात. नवशिक्याचे मात्र उलट होते. अंग मागे फेकले जाते, पडू नये म्हणून तो हँडल घट्ट धरतो, त्या पकडीतच मनगट फिरते आणि अॅक्सिलरेटर आणखी उघडतो. भीतीची प्रतिक्रियाच गाडी उलटवते. हे व्हिडिओ बघून समजते, पण मनगटाला समजायला शेकडो वेळा पडावे लागते.

चाक हवेत असताना हँडल वळवून गाडी वळत नाही आणि पुढचा ब्रेक, ज्यावर जोराने थांबताना सर्वाधिक भिस्त असते, तो निरुपयोगी असतो. समोर शेळी, ट्रॅक्टर किंवा मूल आले तर चालकाकडे फारसे काही उरत नाही. समोरचे त्याला नीट दिसतही नाही, कारण मध्ये टाकी आणि हेडलाइट आलेले असतात. खाली येताना चाक जरा तिरके टेकले तर हँडल दोन्ही बाजूंना झटके मारते. गाडीलाही हे मानवत नाही. फोर्क, हँडलचे बेअरिंग, चेन, क्लच प्लेट यांवर मार बसतो आणि लांब व्हीलीत ऑइल मागे साचून पंपाला मिळेनासे झाले तर इंजिन जाम होते.

कायद्यात ‘व्हीली’ हा शब्द आहे का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक वाहन चालवण्याला पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. सोबत भारतीय न्याय संहितेचे कलम 281 आणि इतरांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल कलम 125 लागू शकते. मार्च 2023 मध्ये मुंबईत पुढे-मागे दोन तरुणींना बसवून केलेल्या व्हीलीच्या व्हिडिओवर वांद्रे-कुर्ला संकुल पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता. सध्याच्या तरतुदी या प्रकाराला अपुऱ्या असल्याचे मत मे 2025 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर नोंदवले.

खरा धाक परवान्याचा आहे. तमिळ यूट्यूबर टीटीएफ वासन 17 सप्टेंबर 2023 रोजी कांचीपुरमजवळ चेन्नई-बेंगळूरु महामार्गावर व्हीली करताना पडला. त्याला अटक झाली आणि त्याचा परवाना दहा वर्षांसाठी गेला.

आकडेवारीत मात्र हा विषय सापडत नाही. केंद्राच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,68,491 जण रस्त्यांवर मरण पावले, त्यातले 44.5 टक्के दुचाकीवरचे. कारणांच्या रकान्यांत अतिवेग, मद्यपान, उलट दिशा, सिग्नल तोडणे, मोबाइल आहेत. स्टंटचा रकाना नाही.

मुलगा अल्पवयीन असेल तर?

इथे बीडचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199-अ नुसार अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला 25 व्या वर्षापर्यंत परवाना नाही. मे 2024 च्या पुण्यातील कल्याणीनगर प्रकरणात वडिलांवर गुन्हा दाखल झाला तेव्हा हे कलम चर्चेत आले.

बीडमधून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले आजी-आजोबांकडे राहतात, गाडी अंगणात असते आणि आरसी बुकवर नाव दूर फडात असलेल्या वडिलांचे. गाडी मालकाच्या संमतीनेच दिली, असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला माहीत नव्हते किंवा पुरेशी काळजी घेतली होती, हे वडिलांनाच सिद्ध करावे लागते. आजोबांनी किल्ली खुंटीवर टांगलेली असेल, तर ते सोपे नाही.

विमा मिळतो का?

याबाबत गैरसमज सर्वाधिक आहेत. थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो, स्वतःच्या चुकीने पडलेल्या चालकासाठी नाही. कर्नाटकात 2014 मध्ये बेदरकार वेगात उलटलेल्या मोटारीच्या चालकाच्या कुटुंबाने 80 लाखांची भरपाई मागितली होती. उच्च न्यायालयाने ती नाकारली आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. मालक-चालकासाठी 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण ते नोंदणीकृत मालकाचे आणि वैध परवाना असेल तरच. वडिलांच्या नावावरची गाडी चालवणाऱ्या विनापरवाना मुलाला ते लागू होत नाही. दुसरा कुणी जखमी झाला तर विमा कंपनी त्याला पैसे देऊन ते नंतर गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ऊसतोडीची उचल फेडणाऱ्या घरात ही वसुली किती वर्षे चालेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

मग शिकायचेच असेल तर?

व्हीली हे मूलतः कौशल्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. जपानच्या यासुयुकी कुडो यांनी 1991 मध्ये एका चाकावर 331 किलोमीटर अंतर न थांबता कापले. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात 28 जानेवारी 2024 रोजी सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, ती बंदिस्त मैदानावर आणि रुग्णवाहिका हाताशी ठेवून. सराव करणारे स्टंट रायडर गाडीच्या मागे लोखंडी बार बसवतात. गाडी मागे गेली तर तो जमिनीला टेकतो आणि ती पूर्ण उलटत नाही. हेल्मेट, पाठीचे संरक्षण, गुडघे-कोपराचे पॅड आणि पहिल्या महिन्यात केवळ मागच्या ब्रेकचा सराव, हा क्रम असतो.

जागेचा प्रश्न मात्र सुटत नाही. कायद्याच्या व्याख्येत ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे केवळ रस्ता नव्हे, तर जिथे लोकांना ये-जा करण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा. शाळेचे उघडे मैदान, देवस्थानचा वाहनतळ, उद्घाटन न झालेला बाह्यवळण रस्ता यांना त्यातून आपोआप सूट नाही. उरते ते कुंपण घातलेले खासगी रान, तेही मालकाने होकार दिला तर.